यंदा रिंगण कुणाचं

३० एप्रिल १९३४, सोमवार

रेड्रुथहून गाडीवाल्याबरोबर आलं ते: मैदा एक पोतडी, १ शिलिंग ९ पेन्स. बेदाणे दोन पौंड, १० पेन्स. चहा पाव पौंड, ६ पेन्स. केशर एक ड्राम, १ शिलिंग ३ पेन्स; गेल्या वर्षीपेक्षा चढलं, पण केशराशिवाय बन म्हणजे नुसता पाव. खाण्याचा सोडा, २ पेन्स, माझ्यासाठी. आणि आसपासच्या चॅपेलांच्या मंडळाचं तिमाही पत्रक, २ पेन्स.

सोडा अशासाठी की महिनाभर छातीखाली काहीतरी उकळतंय. एका जागी बसवत नाही. विणायला घेतलं की उठावंसं वाटतं, उठलं की कशाला उठले ते आठवत नाही. वय झालं म्हणायचं.

पत्रक हातात आलं की कुठल्या चॅपेलात कुठला उपदेशक हे बघायच्या आधी मी पेंटेकॉस्ट सणाचा सोमवार बघते. त्या दिवशी आमच्या वाडीची उपासना रिंगणात असते, गोल मातीच्या बांधाच्या आत, उघड्यावर. यंदा रिंगणापुढची जागा कोरी आहे. छापायला विसरले असतील असं वाटून मी पत्रक उजेडाला धरून पाहिलं. कोरीच.

हॅनिबलला दाखवलं. नवरा म्हणून नाही, वरच्या चॅपेलचा कारभारी म्हणून.

"यंदा त्यांचं वर्ष," तो म्हणाला. "ते बघतील."

"त्यांना ठाऊक आहे का?"

"न असायला काय झालं? झॅकीला दोनपर्यंत मोजता येतं ना?"

झॅकी माझा सख्खा भाऊ आणि खालच्या चॅपेलचा कारभारी. दोन्ही चॅपेलं समोरासमोर, मध्ये एक घोडागाडी जाईल एवढा रस्ता. रिंगणातली उपासना एक वर्ष वरच्यांची, एक वर्ष खालच्यांची, असं माझ्या आजीच्या आधीपासून चालत आलंय. दीड वर्षापूर्वी लंडनला वरच्यांचा, खालच्यांचा असे सगळे पंथ एक झाले. मोठमोठ्या माणसांनी एकमेकांचे हात हातात घेतले म्हणे. त्या दिवसापासून आमच्या वाडीत हॅनिबल आणि झॅकी एकमेकांशी बोलत नाहीत. एकच चॅपेल ठेवायचं तर कुठलं, यावरून.

३ मे, गुरुवार

झॅकीकडे साय पोचवायच्या निमित्तानं गेले. तो कुंपणाची माती थापत होता.

"झॅकी, यंदा रिंगण तुमचं ना?"

"आमचं कसं? तुमचं."

"गेल्या वर्षी आमचं होतं."

"गेल्या वर्षी कुणाचंच नव्हतं, थॉमसिन. पंथ एक झाल्यावरची पहिली उपासना, दोन्ही चॅपेलांची मिळून झाली. ते वर्ष सोडून दे. त्याच्या आदल्या वर्षी आमचं. म्हणजे यंदा तुमचं."

"हॅनिबल म्हणतो, गेल्या वर्षी शहरातून आलेला पाळक मूळचा आमच्यातला होता, म्हणून ते वर्ष आमच्या खात्यावर पडलं."

"असं म्हणतो?" झॅकीनं फावडं उभं रोवलं. "मग त्याला सांग, खालचे लोक गरीब असतील, पण दुसऱ्याचं वर्ष ओढून घेणारे नाहीत."

घरी येऊन हॅनिबलला सांगितलं. तो म्हणाला, "वरचेही नाहीत."

दोघंही इतके सभ्य आहेत की मला ओरडावंसं वाटलं. दोन चिमूट सोडा घेतला.

८ मे, मंगळवार

मि. कार्न आले होते, जमीनमालकांचे मुखत्यार. थोरल्या बाईसाहेब हिवाळ्यात गेल्या, आता सगळं त्यांच्या पुतण्याकडे आलंय. तो प्लिमथला असतो. मि. कार्ननी केकचे दोन तुकडे खाल्ले, दोन्ही वेळा आभार मानले, आणि मग सांगितलं की पुतण्याला रिंगणाच्या जागी उन्हाळी पाहुण्यांसाठी बंगले बांधायचेत. समुद्र जवळ, वारा चांगला. बांध पाडून त्याच मातीनं आतला खंदक बुजवायचा.

"पण रिंगण वाडीचं आहे," मी म्हटलं.

"अटीवर आहे, बाई. दर पेंटेकॉस्टच्या सोमवारी तिथं देवाच्या वचनाचा उपदेश व्हायचा. एक वर्ष चुकलं की जमीन मालकाकडे परत."

ही अट वाडीत शेंबड्या पोरालाही पाठ आहे. फक्त ती कुणी आमच्या स्वयंपाकघरात बसून म्हणून दाखवील असं वाटलं नव्हतं.

"पत्रकात नाव दिसत नाही," ते म्हणाले. म्हणजे त्यांनीही पत्रक विकत घेतलंय. "मी येईन त्या दिवशी. तीन वाजेपर्यंत थांबेन. राग मानू नका, माझं काम आहे."

राग मानला नाही. जाताना त्यांची टोपी खुंटीवरून काढून दिली. मग ते गेल्यावर मी उगाचच रिंगणापर्यंत चालत गेले. वाळत घातलेले कपडे तसेच, ओव्हनमध्ये मांस-बटाटा भरलेल्या पेस्टी. बांधावर बसले. तो कुणी घातला कुणाला माहीत नाही. जुन्या काळी तिथं तीन-तीन दिवस नाटकं चालत, सैतानसुद्धा असे त्यात, म्हणून चॅपेलात त्याबद्दल कुणी बोलत नाही. मला एवढंच माहीत आहे की आतल्या पायऱ्यांवर समुद्राच्या बाजूची तिसरी पायरी आमच्या आईच्या माणसांची. तिथं बसून मी केझियाआजीचा उपदेश ऐकला होता. मी अगदी लहान, आजीची टोपी मांडीवर सांभाळत होते. खालच्या चॅपेलात तेव्हा बायका उपदेश करीत. लग्न होऊन वरच्या चॅपेलात आले तेव्हा हॅनिबलनं समजावलं होतं की आमच्यात बायका चहा बघतात. त्यानं वाईट अर्थानं सांगितलं नव्हतं. मलाही त्याचं काही वाटत नाही.

पेस्टी करपल्या. चार वाया.

१० मे, गुरुवार

कार्नच्या माणसांनी बांधात खुंट्या ठोकल्या आणि एका जागी, समुद्राच्या बाजूला, बांध कापून पाहिला. माती किती घट्ट आहे ते बघायला म्हणे. गाडी जाईल एवढं खिंडार पडलंय. आतून बाहेरचा समुद्र दिसतो. इतक्या वर्षांत तिथून समुद्र कधी दिसला नव्हता.

बेसीमावशी तिथं काठी टेकून उभी होती. खालच्या चॅपेलची सगळ्यात म्हातारी. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझा रंग का गं उडालाय?"

पोटाचं सांगितलं.

"इथं?" तिनं काठीचं टोक माझ्या छातीखाली रोखलं. "आणि बसवत नाही?"

"कसं कळलं?"

"तुझ्या आजीला व्हायचं. केझिया उपदेशाच्या आधी दोन-दोन आठवडे सोडा पीत हिंडायची. नवरा म्हणायचा, हिच्यापेक्षा गाय बरी, ती निदान रवंथ तरी करते."

म्हणजे घराण्यातलंच पोट आहे. कळल्यावर जरा बरं वाटलं. दुखणं आईकडचं असलं की माणूस निदान डॉक्टरचे पैसे तरी वाचवतो.

१२ मे, शनिवार

सकाळी गोठ्यात हॅनिबल आला आणि म्हणाला, "कुणाशी बोलत होतीस?"

"गाईशी."

"मोठ्यानं बोलत होतीस."

"धार देत नव्हती."

"काय सांगत होतीस?"

ते सांगता येईना. एक वचन आठवड्यापासून डोक्यात बसलंय: देव बांध घालणारा माणूस शोधतो, देशासाठी खिंडारात उभा राहील असा, आणि त्याला कुणी सापडत नाही. साय तापवताना, चूल पेटवताना तेच. त्याच्या मागोमाग आणखी वाक्यं येतात, जणू कुणीतरी मैदा मळून ठेवलाय आणि तो फुगत चाललाय. मी ती थांबवायचा प्रयत्न करते. मला त्यांचं काय करायचंय?

"गाईचं धर्मांतर होईल अशानं," हॅनिबल म्हणाला. "खालच्या चॅपेलची होईल."

हसू आलं. मग तो गंभीर झाला. "थॉमसिन, तू काळजी करू नकोस. झॅकी करील काहीतरी."

"तो म्हणतो तू करशील."

"मी कसा करीन? त्यांचं वर्ष आहे."

१४ मे, सोमवार

बसनं ट्रुरोला, मुख्य पाळकांकडे. जाऊन-येऊन १ शिलिंग २ पेन्स. दोघांपैकी एकालाही न सांगता गेले, हे इथं लिहून ठेवते.

मि. विंटरबॉटम परमुलखातले, वर्षच झालंय येऊन. भला माणूस. त्यांना वाटलं होतं आमच्या वाडीत उपासना यंदा बंद ठेवलीय, कारण दोघांपैकी कुणीच कळवलं नाही. मी सगळं सांगितलं. वर्षांचा हिशोब सांगताना ते दोनदा म्हणाले, "थांबा, पुन्हा सांगा."

मग त्यांनी पत्रक काढलं. पेंटेकॉस्टच्या सोमवारी प्रत्येक चॅपेलचा आपापला चहामेळा, प्रत्येकाचा बँड, प्रत्येकाला उपदेशक. एकही माणूस मोकळा नाही. ते स्वतः एका लग्नाला बांधलेले.

"तुमच्याच वाडीत कुणी नाही का?"

"दोन कारभारी आहेत. माझ्या भावाला चार माणसांपुढे घाम फुटतो. आणि माझा नवरा बोलायला लागला की गुरांच्या बाजारावर येतो."

"तुम्ही शिकलेल्या दिसता."

"शाळा पुरी केलीय. पण मी चहा बघते."

ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. माझ्या टोपीला काही लागलंय की काय वाटलं.

"एक लक्षात ठेवा," शेवटी म्हणाले. "नेमलेला उपदेशक नसेल तेव्हा ऐनवेळी माणूस उभा करण्याचा अधिकार कारभाऱ्यांचा असतो. तुमच्याकडे आता चॅपेलं दोन असली तरी मंडळी एकच आहे. म्हणजे दोन्ही कारभाऱ्यांनी मिळून. एकानं म्हणून चालणार नाही."

मग झालंच.

येताना बसमध्ये पुढची बाई वळून म्हणाली, "काही म्हणालात?" मी म्हटलं, नाही.

१८ मे, शुक्रवार

ट्रुरोचं दोघांना सांगून टाकलं. हॅनिबल रागावला नाही, धार झालेली असताना बादली घेऊन गोठ्यात गेला. ते जास्त वाईट.

संध्याकाळी म्हणाला, "मी झॅकीच्या दारात जाणार नाही. तो आला तर माझं दार उघडं आहे."

झॅकी म्हणाला, "माझं दार कधी लागलेलं बघितलंस?"

दोन दारं उघडी, आणि मधून वारा तेवढा फिरतोय.

रिंगण गेलं तर काय जाईल, हे मी दोघांनाही विचारलं. हॅनिबल म्हणाला, "बापानं मला तिथं कुस्ती शिकवली." झॅकी म्हणाला, "केझियाआजी." मग दोघांनीही, आपापल्या घरी, तेच तोंड केलं आणि दुसरीकडे बघितलं.

१९ मे, शनिवार

बन. पहिल्या घाण्यात मीठ विसरले. दुसरा चांगला. केशर रात्रभर भिजवलं होतं, रंग छान आला.

पीठ मळताना हात थांबेनात. बेसीमावशी येऊन बसली होती. म्हणाली, "अगं, त्या पिठानं तुझं काय वाकडं केलंय?"

"मावशी, कुणीच बोललं नाही तर?"

"तर बोलणार नाही."

"देवानं एवढा बांध इतकी वर्षं राखला, तो आता कुणाच्या तरी तोंडात दोन शब्द घालणार नाही का?"

"घातले असतील," ती म्हणाली. "गिळून बसली असेल ती." आणि गरम बन उचलून फुंकायला लागली. तिला एकेकदा स्त्रीलिंग-पुल्लिंगाचं भान राहत नाही.

आज सोडा तीनदा. डबा संपत आला.

२१ मे, सोमवार, पेंटेकॉस्टचा सोमवार

झालं ते लिहिते, जमेल तसं.

सकाळपासून समुद्राकडून वारा. वाडीतली निम्मी माणसं दुसरीकडच्या बँडमागे गेली. मी बनांची टोपली आणि मोठी किटली घेऊन रिंगणात गेले, कारण उपासना होवो न होवो, चहा असतोच; दगड मांडून विस्तव केला. बेसीमावशी आली, पाचसहा बायका, दोनतीन म्हातारे, पोरं.

हॅनिबल आला आणि वरच्यांच्या पायरीवर बसला. झॅकी आला आणि समोर, खालच्यांच्या पायरीवर बसला. दोघांनी काळे कोट घातले होते. दोघांनी टोप्या काढून गुडघ्यांवर ठेवल्या. आणि दोघंही दुसरा उठायची वाट बघत बसले.

मि. कार्न कापलेल्या जागेपाशी घड्याळ हातात धरून उभे. त्यांनाही थंडी वाजत होती. त्यांना पहिला कप दिला.

दोन वाजून गेले. कुणीतरी खोकलं. पोरं खंदकात घसरगुंडी करायला लागली. अडीच झाले. झॅकीनं टोपी उचलली आणि पुन्हा ठेवली. हॅनिबल पाय हलवत होता, तो कुस्तीच्या आधी हलवायचा तसा. मला दोघांची इतकी कीव आली की छातीखालचं ते एकदम गळ्यापर्यंत चढलं. वाटलं, आता इथंच सगळ्यांसमोर ओकारी होणार.

"थॉमसिन," बेसीमावशी मोठ्यानं म्हणाली, तिला मोठ्यानंच येतं, "किटली खाली ठेव, विस्तवावर."

ठेवली.

मी ठरवलं होतं की एक गीत सुरू करून द्यावं, एक उतारा वाचावा आणि बसावं. निदान काहीतरी झालं म्हणता येईल. मधोमध उभं राहणं म्हणजे उपदेशकाची जागा घेणं, तो आगाऊपणा झाला असता. कापलेल्या जागेतून वारा सरळ आत घुसत होता, म्हाताऱ्यांच्या अंगावर. तिथं उभं राहिलं तर त्यांना तेवढाच आडोसा. म्हणून मि. कार्नना जरा बाजूला व्हायला सांगितलं आणि तिथं उभी राहिले.

गीत झालं. उतारा वाचला, तोच, खिंडाराचा. पुस्तक मिटलं. आणि मग बसले नाही.

काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही, आठवत नाही. बांधाबद्दल बोलले. बांध घालणारा एक नसतो, एक माती आणतो आणि दुसरा थापतो, असं काहीसं. गेलेल्या माणसांच्या पायऱ्यांबद्दल. बोलण्यात मध्येच गाय आली, सगळे हसले, मीही हसले, आणि पुढचं वाक्य तरीही होतं. सगळी वाक्यं होती, ओळीनं, जिथं ठेवली होती तिथं. पोरं खंदकातून वर येऊन बसलेली दिसली. झॅकी तोंडावर टोपी धरून बसला होता.

थांबले तेव्हा फक्त वारा. मी पुस्तक काखेत धरलं.

मि. कार्ननी घड्याळ पाहिलं. अजून तीन वाजले नव्हते. त्यांनी खिशातून कागद काढला.

"उपदेश झाला, हे मला मान्य करावं लागेल. पण बाईंचं नाव पत्रकात नाही. यांना नेमलं कुणी?"

मी सांगणार होते की कुणी नाही, चूक झाली, मी चहा बघते. पण तेवढ्यात दोन्ही बाजूंना हालचाल झाली.

हॅनिबल उभा राहिला होता. आणि समोर झॅकी उभा राहिला होता.

"आम्ही," दोघं म्हणाले. एकदम. आणि मग दोघांनीही दचकून एकमेकांकडे पाहिलं, दीड वर्षात पहिल्यांदा.

"दोघांनी?" मि. कार्न.

"मंडळी एकच आहे," झॅकी म्हणाला. घाम फुटला होता त्याला.

"बायको माझी आहे," हॅनिबल म्हणाला. "पण आजी त्याची." मग माझ्याकडे वळला. मला वाटलं आता काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "थॉमसिन, किटली तळाला लागलीय."

खरंच लागली होती. दोघांनी मिळून ती उचलून विहिरीवर नेली. एकाला जमली असती. जाताना मि. कार्न म्हणाले की पाळकांकडून लेखी दुजोरा आला की ते प्रकरण मिटवतील. त्यांना चार बन बांधून दिले.

२२ मे, मंगळवार

काल रात्री गाढ झोपले. सोड्याचा गुण उशिरा का होईना, आला.

सकाळी गेले तर हॅनिबल आणि झॅकी खिंडारात माती भरत होते. एक आणत होता, एक थापत होता. बोलत नव्हते फारसं. "अजून एक पाटी." "ही?" "नाही, गवताची." एवढंच.

२४ मे, गुरुवार

पुन्हा तेच. दुपारी मटार सोलताना एकदम छातीखाली. या वेळी दुसरंच वचन. सोड्याचा नवा डबा आणला, २ पेन्स, उघडला नाही.

मि. विंटरबॉटमना पत्र धाडलं, तिकीट दीड पेनी. नक्कल इथं ठेवते:

*आदरणीय पाळकसाहेब यांस,*

*पेंटेकॉस्टच्या सोमवारी आमच्या रिंगणात उपासना झाली. उपदेशक नसल्यामुळे दोन्ही कारभाऱ्यांनी मिळून मला उभं केलं. दोघांच्या सह्या सोबतच्या कागदावर आहेत. कोणी आधी सही करायची यावर थोडा वेळ गेला, म्हणून पत्राला उशीर झाला. मि. कार्न यांना आपला लेखी दुजोरा हवा आहे, तो कृपा करून द्यावा. घडलं त्याहून जास्त काही लिहू नये. त्या दिवसाआधी मला कोणी नेमलं नव्हतं, हे खरं आहे.*

*दुसरं असं की पुढच्या वर्षी रिंगण कोणाचं, यावर दोघांचं पुन्हा बोलणं झालं. हॅनिबल म्हणतो खालच्यांचं, झॅकी म्हणतो वरच्यांचं. पण या वेळी दोघं एकाच टेबलाशी बसून म्हणाले, आणि मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा पत्रकात त्या जागी कोणाचं नाव छापायचं? अजून वर्ष आहे हे मला कळतं. पण माझ्या प्रकृतीची एक तक्रार आहे, घराण्यातली आहे, आणि ती पुन्हा सुरू झाली आहे. सोड्यानं थांबत नाही. मी वचन निवडलंय आणि सुरुवातही जमत आलीय.*

*म्हणून विनंती, उलट टपाली कळवावे.*

*आपली नम्र,*
*थॉमसिन रोझविअर*